गाळ पचतो म्हणजे कोण काय खातं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या संकुलांपासून नवी मुंबईतल्या खारघरपर्यंत सोसायट्यांचे एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, सांभाळणारे पदाधिकारी, प्लँटवरचे ऑपरेटर आणि प्रोजेक्टसाठी माहिती जमवणारी इंजिनिअरिंगची मुलं यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. गाळ म्हणजे नुसती घाणच ना? त्यात जिवाणूंना खाण्यासारखं काय असतं?

भरपूर असतं. मोठ्या केंद्रात गाळ दोन ठिकाणी जमतो. सांडपाणी आधी संथ टाकीत थांबतं तेव्हा जड कण तळाला बसतात. विष्ठा, भाताची शितं, भाजीचे धागे, कागद, तेलकट गोळे असं सगळं त्यात येतं. हा प्राथमिक गाळ. पुढे एअरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा सोडण्याच्या टाकीत, पाण्यात विरघळलेली घाण खाऊन जिवाणू वाढतात, आणि त्यातले जास्तीचे बाहेर काढावे लागतात. हा दुय्यम गाळ. म्हणजे दुय्यम गाळ हा बहुतांशी जिवाणूंच्याच शरीरांचा असतो.

दोन्हींत ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाणी असतं. उरलेला कोरडा भाग प्रयोगशाळेत ५५० अंशांच्या भट्टीत ठेवतात. जळून उडून जातं ते सेंद्रिय आणि राख राहते ती माती, वाळू, क्षार. ताज्या गाळात सेंद्रिय भाग साधारण ६० ते ८० टक्के भरतो. त्यात प्रथिनं, कर्बोदकं आणि स्निग्ध पदार्थ असतात, आणि सूक्ष्मजीव जगतात ते यावरच. राखेचा भाग टाकीत फक्त जागा अडवतो. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी व्होलाटाइल सॉलिड्सचा, म्हणजे या सेंद्रिय भागाचा, आकडा बघा.

२. जिवाणूला ना तोंड ना दात. मग भाताचं शीत तो खातो कसं?

तो आधी पचवतो आणि मग खातो. जिवाणू अन्नकणाला चिकटतो आणि आपली एन्झाइम बाहेर सोडतो. ती एन्झाइम स्टार्चची साखर करतात, प्रथिनांची अमिनो आम्लं करतात, तेलातुपाची स्निग्धाम्लं आणि ग्लिसरीन करतात. एवढे बारीक झालेले रेणूच पेशीच्या पडद्यातून आत जाऊ शकतात. या पहिल्या टप्प्याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि गाळाच्या बाबतीत बहुतेक वेळा हाच टप्पा सगळं काम रेंगाळवतो.

सगळं अन्न सारखं फुटत नाही. साखर-स्टार्च काही तासांत जातं, सेल्युलोजला दिवस लागतात, आणि लाकडातलं लिग्निन हवेविना जवळजवळ तसंच राहतं. ड्राइंग बेडवर, म्हणजे वाळवण्याच्या वाफ्यावर, टाकलेल्या गाळात टोमॅटोची रोपं उगवलेली कित्येक ऑपरेटरांनी पाहिली असतील. ते बी माणसाच्या पोटातून, गटारातून, टाकीतून गेलं तरी त्याचं टरफल कुणाला फोडता आलेलं नसतं. कण जितका बारीक तितकी चिकटायला जागा जास्त, म्हणून गाळ आधी दळणं आणि टाकी नीट ढवळणं हे दोन्ही कामाचे खर्च आहेत.

३. एकच जिवाणू शितापासून गॅसपर्यंत सगळं करतो का?

नाही, आणि हा मुद्दा पक्का झाला की पुढची निम्मी उत्तरं आपोआप सुटतात.

डायजेस्टरमध्ये, म्हणजे गाळ पचवण्याच्या हवाबंद टाकीत, एकाचं टाकाऊ ते दुसऱ्याचं अन्न असतं. पहिली फळी हायड्रोलिसिस करते. दुसरी फळी त्या साखरा आणि अमिनो आम्लं आंबवून प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं बनवते. तिसरी फळी त्या आम्लांपासून ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन तयार करते. शेवटी मिथेन बनवणारे येतात. गाळाच्या डायजेस्टरमधला साधारण ७० टक्के मिथेन ॲसिटिक आम्लातून येतो आणि बाकीचा हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइडच्या संयोगातून. हे मिथेनवाले दिसायला जिवाणूंसारखे असले तरी जिवाणू नव्हेत. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की ते वेगळ्याच कुळातले आहेत, त्या कुळाला आर्किया म्हणतात.

तिसऱ्या आणि चौथ्या फळीचं नातं फार नाजूक असतं. टाकीत हायड्रोजन थोडासा जरी साचला तरी तिसऱ्या फळीला प्रोपिऑनिक आम्ल फोडून ऊर्जाच मिळत नाही, तिचं काम थांबतं. मिथेनवाले हायड्रोजन सतत संपवत राहतात म्हणूनच ती जगते. वाढीचा वेगही सारखा नाही. आम्ल बनवणारे काही तासांत दुप्पट होतात, तर ॲसिटिक आम्लावर जगणाऱ्या मिथेनवाल्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. पंगतीत सगळ्यात सावकाश जेवणाऱ्याकडे बघून वाढायचं असतं, तसंच इथेही.

४. हवा दिली की जिवाणू जोमाने वाढतात. मग डायजेस्टर हवाबंद कशासाठी?

जोमाने वाढतात म्हणूनच. ऑक्सिजन मिळाला की अन्नातली बरीचशी ऊर्जा जिवाणूच्या पदरात पडते आणि तो ती नवं शरीर बांधायला वापरतो. हवेतल्या प्रक्रियेत १ किलो बीओडीमागे (हे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) साधारण ०.४ ते ०.६ किलो नवे जिवाणू तयार होतात. म्हणजे पाणी स्वच्छ झालं, पण गाळ वाढला. हवा नसेल तर ऊर्जेचा मोठा वाटा मिथेनमध्ये बंद होऊन टाकीबाहेर जातो, जिवाणूंच्या हाती थोडीच लागते आणि नवा गाळ सुमारे दहावा हिस्सा किंवा त्याच्या आसपासच होतो. गाळ कमी करायचा असेल तर हवा नको. वर हवा पुरवणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल वाचतं. शिवाय मिथेनवाल्यांना ऑक्सिजन मुळीच सोसत नाही.

५. आमच्या सोसायटीच्या एसटीपीत डायजेस्टरच नाही. आमचा गाळ कुठे पचतो?

एअरेशन टँकमध्येच. सोसायट्यांचे एमबीबीआर, एसबीआर किंवा एक्स्टेंडेड एअरेशनचे प्लँट (या सगळ्या हवा देऊन चालवायच्या पद्धती) लहान असतात, तिथे वेगळा हवाबंद डायजेस्टर परवडत नाही. त्याऐवजी जिवाणूंना जाणूनबुजून थोडं उपाशी ठेवतात. रोज येणारं अन्न आणि टाकीतले खाणारे यांच्या गुणोत्तराला एफ बाय एम म्हणतात. ॲक्टिव्हेटेड स्लज या हवेच्या नेहमीच्या पद्धतीत ते ०.२ ते ०.४ ठेवतात, एक्स्टेंडेड एअरेशनमध्ये ०.०५ ते ०.१५. बाहेरचं अन्न संपलं की पेशी स्वतःचा साठा जाळतात, मेलेल्या पेशी फुटतात आणि शेजारी त्यांच्यावर जगतात. मात्र फुकट काही होत नाही. १ किलो पेशी पूर्ण जाळायला सुमारे १.४ किलो ऑक्सिजन लागतो, आणि तो ब्लोअरच देतो. गाळाच्या टाकीचा ब्लोअर रात्री बंद ठेवण्याचा ठराव करण्याआधी समितीने हे लक्षात घ्यावं.

नव्या टॉवरमध्ये थोडेच फ्लॅट भरलेले असतात तेव्हा ही उपासमार प्रमाणाबाहेर जाते. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या तासाची सेटलिंग टेस्ट लावा. गाळ झटकन बसला, पण वरच्या पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे कण तरंगत राहिले, तर जिवाणू उपाशी आहेत. अशा वेळी हवेचे तास कमी करा, गाळ थोडा काढा. बाहेरून अन्न घालायची घाई करू नका (प्रश्न १०).

६. एसबीआरचा गाळ बायोगॅस टाकीत घातला, पण गॅस फारच कमी मिळाला. गाळ खराब होता का?

गाळ खराब नव्हता, आधीच खाल्लेला होता. प्रश्न ५ मध्ये सांगितलेली उपासमार सोसून आलेल्या गाळात सहज पचणारं फारसं उरत नाही. जे उरतं ते जिवाणूंच्या पेशीभित्ती आणि त्यांना एकत्र धरणारा चिकट पदार्थ, आणि हे दोन्ही पचायला चिवट असतात. प्राथमिक गाळाला हा त्रास नाही, म्हणून गॅस मुख्यतः त्याच्यापासून मिळतो. नेरूळ, वाशी, कोपरखैरणे, ऐरोली इथल्या नवी मुंबई महापालिकेच्या केंद्रांत एसबीआर पद्धतीचं तंत्र आहे. या पद्धतीत बहुधा प्राथमिक टाकी नसते, त्यामुळे अशा केंद्रांबाबत गॅसचा हिशोब मांडताना पुस्तकातले प्राथमिक गाळाचे आकडे उचलू नयेत.

पेशीभित्ती फोडण्याचे उपाय आहेत. गाळ दाबाखाली १६० अंशांच्या आसपास शिजवून मग डायजेस्टरला देणं हा त्यातला सिद्ध झालेला मार्ग. तो मोठ्या केंद्रांसाठीच आहे, सोसायटीने त्यात पडू नये.

७. पचायला किती दिवस लागतात? आपल्याकडे टाकी तापवावी लागते का?

३५ ते ३७ अंशांना साधारण १५ ते २० दिवस, न तापवलेल्या टाकीत याहून बरेच जास्त. ५० ते ५५ अंशांवर काम वेगाने होतं, पण तिथला समतोल लवकर बिघडतो. ठाण्याच्या हवेत टाकी थंड देशांसारखी गोठत नाही, हे आपलं नशीब. तरीही तापमान एका दिवसात दोन-तीन अंशांनी हललं तर मिथेनवाले मंदावतात. कमी-जास्त तापमान एक वेळ चालेल, हेलकावे चालत नाहीत. आणि टाकीतला मुक्काम १० दिवसांच्या खाली गेला तर मिथेनवाले वाढतात त्याहून वेगाने धुऊन बाहेर जातात.

८. किती गाळातून किती गॅस मिळेल?

टाकीत घातलेल्या नव्हे, पचलेल्या सेंद्रिय भागावर हिशोब करा. पचलेल्या १ किलोमागे साधारण पाऊण ते एक घनमीटर बायोगॅस मिळतो, त्यात ६० ते ६५ टक्के मिथेन. समजा रोज १०० किलो सेंद्रिय भाग घातला आणि त्यातला निम्मा पचला. ५० किलोमागे सुमारे ४० घनमीटर गॅस, म्हणजे २५ घनमीटर मिथेन. उष्णतेच्या हिशोबाने हे घरगुती गॅसच्या सव्वा ते दीड सिलिंडरएवढं होतं. कुणी याच्या दुप्पट-तिप्पट आकडा देऊन टाकी विकत असेल, तर त्याला विचारा की ते कार्बन येणार कुठून.

ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही. १८९७ मध्ये माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात मैल्याच्या टाक्यांमधला वायू गोळा केला जात होता.

९. ऑपरेटर म्हणतो डायजेस्टर ‘आंबट’ झालाय. म्हणजे काय, आणि करायचं काय?

जास्त खायला घातलं गेलं. प्रश्न ३ मधली दुसरी फळी चपळ आहे, तिने आम्लं भराभर बनवली. शेवटची फळी सावकाश आहे, तिला ती संपवता आली नाहीत. आम्ल साचलं, पीएच उतरला, आणि ६.५ च्या खाली मिथेनवाले आणखी मंदावले, म्हणून आम्ल आणखी साचलं. हे चक्र स्वतःहून थांबत नाही.

बहुतेक प्लँटवर फक्त पीएच बघतात, आणि तिथेच फसगत होते. टाकीतली क्षारता आम्लाला आतल्या आत शोषून घेत असते, ती संपेपर्यंत पीएच ७ च्या आसपासच दिसतो. पीएच हलला तेव्हा उशीर झालेला असतो. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा तरी उडनशील आम्लं (प्रश्न ३ मधली ॲसिटिक, प्रोपिऑनिक वगैरे) आणि क्षारता मोजा. आम्लं भागिले क्षारता हे गुणोत्तर ०.३ च्या खाली असेल तर ठीक. ०.४ च्या वर चढू लागलं तर त्याच दिवशी खुराक निम्मा करा. ०.८ ला टाकी हातची गेली समजा. मोजायला ब्युरेट, सौम्य सल्फ्युरिक आम्ल आणि पीएच मीटर पुरतं: गाळून घेतलेल्या नमुन्याचा पीएच आधी ५ पर्यंत आणि मग ४.४ पर्यंत उतरवायचा, आणि दोन्हींना किती आम्ल लागलं ते लिहून ठेवायचं. त्या दोन आकड्यांतून गुणोत्तराचा अंदाज काढण्याचं सूत्र प्रयोगशाळेकडून एकदा समजून घ्या. गॅसमधला कार्बन डायऑक्साइडही पीएचच्या आधी वाढतो. बर्नरची ज्योत वरचेवर विझू लागली तर दुर्लक्ष करू नका.

उपाय क्रमाने: खुराक थांबवा, ढवळणं चालू ठेवा, तापमान स्थिर ठेवा आणि थांबा. क्षारता वाढवायची तर खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, थोडा थोडा घाला. चुना स्वस्त म्हणून पोती रिकामी करतात, ते करू नका. तो कार्बन डायऑक्साइड एकदम ओढून घेतो, बंद टाकीत दाब घसरतो, आणि उरलेला चुना खडूसारखा तळाला बसतो. शक्य असेल तर निरोगी डायजेस्टरचा गाळ टँकरने आणून मिसळा. त्याने मिथेनवाले आणि क्षारता दोन्ही मिळतात. बरं व्हायला आठवडे लागतात.

१०. टाकीत गूळ, शेण, युरिया किंवा पाकिटातलं कल्चर घालावं का?

जागा बघून ठरवा. हवेच्या टाकीत प्लँट सुरू करताना गूळ तात्पुरतं सोपं अन्न म्हणून चालतो, पण गुळावर पोसलेले जिवाणू सांडपाण्याची सवय लावून घेत नाहीत. डायजेस्टरमध्ये गूळ म्हणजे प्रश्न ९ ला आमंत्रण. शेणाचं उलट आहे. गाईच्या पोटात मिथेनवाले असतातच, म्हणून नवा डायजेस्टर सुरू करायला शेणाची स्लरी चांगली, आणि हवेच्या टाकीत तिचा चोथाच जास्त होतो. युरिया आणि डीएपी घरगुती सांडपाण्याला लागत नाहीत. बीओडी, नत्र, स्फुरद यांचं १००:५:१ प्रमाण त्यात सहज असतं.

पाकिटातल्या कल्चरवर दर महिन्याला पैसे घालणाऱ्या सोसायट्यांना माझा स्पष्ट सल्ला आहे: ते बंद करा. शेजारच्या व्यवस्थित चालणाऱ्या प्लँटमधून एक टँकर गाळ आणा. त्यातले जिवाणू याच पाण्यावर, याच हवेत वाढलेले असतात. जिथे ते टिकत नाहीत तिथे पाकिटातलेही टिकणार नाहीत, आणि मग खरा दोष हवा, खुराक किंवा विषारी पाणी यांत शोधावा लागेल.

११. गाळासोबत स्वयंपाकघरातला ओला कचरा घातला तर?

गॅस नक्की वाढतो. गाळात नत्र जास्त, भात-पोळी-भाजीत कर्ब जास्त. दोन्ही मिळून कर्ब-नत्र प्रमाण २० ते ३० च्या जवळ जातं, आणि ते सूक्ष्मजीवांना मानवतं. अट एकच, हळूहळू वाढवा. दर आठवड्याला थोडा वाटा वाढवायचा आणि आम्ल-क्षारतेचं गुणोत्तर (प्रश्न ९) बघायचं.

दोन अपवाद. तळणीचं तेल गॅसच्या हिशोबाने उत्तम अन्न आहे, पण एकदम ओतलं तर लांब साखळीची स्निग्धाम्लं पेशींवर थर धरतात आणि पृष्ठभागावर साय जमते. आणि उलट्या टोकाला मासळी-मटणाचा कचरा: त्यातल्या प्रथिनांतून अमोनिया सुटतो, पीएच चढलेला असेल तर तोच मिथेनवाल्यांना विष ठरतो. कोळंबीची सालं पचतही नाहीत. फक्त ओल्या कचऱ्यासाठी यंत्रणा हवी असेल तर खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेत भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला निसर्गऋण प्रकल्प बघा. त्यात कचरा आधी गरम आणि हवेशीर टाकीत फोडतात, मग हवाबंद टाकीत सोडतात.

१२. जुलै-ऑगस्टमध्ये गॅस का घसरतो?

पावसाचं पाणी मलवाहिन्यांत शिरतं. सांडपाणी पातळ होतं आणि सोबत येणाऱ्या मातीमुळे गाळातली राख वाढते. टाकीत तेवढाच गाळ घातला तरी त्यात खाण्यासारखं कमी असतं. पातळ गाळ जास्त घालून भरपाई करायला जाल तर प्रश्न ७ मधला मुक्काम घटेल. आधी थिकनरमध्ये घट्ट करा.

१३. आमचं संकुल खाडीजवळ आहे. गाळाच्या टाकीला सडक्या अंड्यांचा वास येतो, घोडबंदरच्या प्लँटला येत नाही. का?

बहुधा भरतीचं पाणी तुमच्या वाहिन्यांच्या भेगांतून आत येतंय. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. ते हवाबंद टाकीत गेलं की सल्फेटवर श्वास घेणारे जिवाणू जागे होतात. त्यांनाही ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजनच हवा असतो, आणि हायड्रोजन पळवण्यात ते मिथेनवाल्यांच्या पुढे असतात. तेच अन्न मग मिथेनऐवजी हायड्रोजन सल्फाइडमध्ये जातं. ऐरोलीच्या कांदळवनातला काळा चिखल उकरला की येतो तो हाच वास. खात्री करायची तर भरतीच्या आणि ओहोटीच्या वेळेला सांडपाण्यातलं क्लोराइड मोजा. भरतीला ते उसळलं तर वाहिनी दुरुस्त करा, टाकीत औषधं ओतून उपयोग नाही. लोहाचे क्षार सल्फाइडला बांधतात, पण मूळ कारण राहतंच.

हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि जीव घेतो. साधारण १०० पीपीएमच्या वर नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. वास गेला म्हणून कुणालाही टाकीत उतरवू नका. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानेही सुरक्षेच्या साधनांविना माणसाला मलटाकीत उतरवणं गुन्हा आहे.

१४. पचलेल्या गाळाच्या पाइपमध्ये दगडासारखे पांढरे खडे जमतात. चुना घातलेला नाही, मग हे काय?

स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेटचा स्फटिक. आपल्या भागातलं बरंचसं प्रक्रिया केलेलं पाणी शेवटी ठाणे खाडीत जातं, जी २०२२ पासून रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. तिथे फॉस्फरस कमी जावा म्हणून काही प्लँट असे चालवतात की जिवाणू तो पेशीत साठवून ठेवतील. तोच गाळ हवाबंद टाकीत गेला की जिवाणू साठा सोडून देतात. पेशी पचताना अमोनियाही सुटतो. त्यात खाडीच्या पाण्याचं मॅग्नेशियम मिसळलं (प्रश्न १३) तर खडा धरायला सगळं जमून येतं, विशेषतः वळणांवर आणि पंपाच्या तोंडाशी. सौम्य आम्लाने तो विरघळतो.

१५. घरोघरचं फिनेल आणि टॉयलेट क्लीनर यांनी जिवाणू मरत नाहीत का?

रोजच्या वापराने नाही, ते पुरेसं विरळ होतं. धोका एकदम ओतलेल्या कॅनचा असतो: जलतरण तलावाचं क्लोरीन, उरलेला थिनर, किंवा रात्री टँकरमधून गटारात सोडलेलं कारखान्याचं पाणी. मिथेनवाल्यांना क्लोरोफॉर्मसारखी द्रावकं लिटरला काही मिलिग्रॅम असली तरी भोवतात. तांबं, जस्त, निकेल यांचं मात्र थोडं वेगळं आहे. टाकीतला सल्फाइड या धातूंना बांधून निष्प्रभ करतो, पण ते गाळातच राहतात (प्रश्न १६).

१६. पचलेला गाळ थेट बागेत घालता येईल?

थेट नको. पचनात अर्धाच सेंद्रिय भाग जातो, वास कमी होतो, नत्र झाडांना सहज घेता येईल अशा अमोनियाच्या रूपात येतं, हे सगळं खरं. पण ३५ अंशांना जंतांची अंडी तग धरून राहतात. फिल्टर प्रेसचा केक, म्हणजे दाबून पाणी काढलेला गाळ, सुक्या पालापाचोळ्यात मिसळून लांब ढीग लावा, तो १५ दिवस ५५ अंशांच्या वर राहील असा पलटत राहा, आणि ढिगाच्या मध्यात थर्मामीटर खुपसून रोज नोंद ठेवा. जड धातूंची तपासणी एकदा तरी करून घ्या, औद्योगिक पट्ट्याशी वाहिनी जोडलेली असेल तर दर खेपेला. धातू मर्यादेत असले तरी हे खत झाडं, लॉन आणि फुलझाडांना घाला. पालक-मेथीच्या वाफ्यात आणि मुलं खेळतात त्या मातीत नको.